तारूतचा ऑगस्ट

ऑगस्ट लागला की बहारीनमध्ये दाराबाहेर पाऊल टाकताना चष्मा आधी काढून हातात घ्यावा लागतो. नाहीतर एसीतून बाहेर आल्या आल्या काचांवर अशी वाफ धरते की समोरचा जिना दिसत नाही. मी गेली काही वर्षं उन्हाळ्यात लेकीकडे येते, कारण नातीला शाळेची सुट्टी असते आणि लेक-जावई दोघंही ड्युटीवर. ज्या दिवसांत लोक इथून पळ काढतात त्या दिवसांत मी इकडे येते, म्हणून वसईत सगळे मला वेड्यात काढतात. काढू देत. लेक झिंजमध्येच राहते, आम्ही पूर्वी राहायचो तिथून दोन गल्ल्या सोडून. तिच्या गॅलरीत एसीच्या नळीखाली बादली ठेवलेली असते आणि तिच्यात दिवसभर टपटप चालू असते. तो आवाज ऐकला की मला तो एक उन्हाळा आठवतो, आणि मग दिवसभर दुसरं काही सुचत नाही.

सौदीला जाणारा पूल तेव्हा समुद्रात अजून बांधला जात होता. माझा नवरा अंतोन हूऱ्यातल्या एका हॉटेलात स्टोअर सांभाळायचा आणि मी मनामातल्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स होते. मुलगी लहान होती, तिला सासूबाईंकडे वसईत ठेवलं होतं. त्या वारल्यावर माझ्या आईकडे. आम्ही दोघं झिंजमधल्या एका चारमजली इमारतीत दुसऱ्या मजल्यावर राहायचो. नळाचं पाणी इतकं मचूळ की त्याचा चहा केला तर दूध नासायचं. प्यायचं गोडं पाणी कॅनमध्ये विकत आणावं लागे, आणि ते पाणी कुंडीत ओतायचं म्हणजे अंगावर काटा यायचा.

पण उन्हाळ्यात देव एसीतून पाणी द्यायचा. हवेतला सगळा दमटपणा यंत्रात गोळा होऊन नळीतून थेंबथेंब पडायचा. त्या पाण्याला ना चव ना वास, आणि मिठाचा कण नाही. आमच्या इमारतीत सगळ्यांच्या कुंड्या त्यावरच जगायच्या. हिवाळ्यात एसी बंद, म्हणजे कुंड्यांचे हाल. सगळ्या जगाची झाडं उन्हाळ्यात सुकतात आणि आमची हिवाळ्यात, असं अंतोन म्हणायचा आणि स्वतःच हसायचा.

इमारतीत एक रीत होती. शाळांना सुट्ट्या लागल्या की कुटुंबं गावी जायची, आणि ज्याला त्या वर्षी लीव्ह मिळालेली नाही त्याच्याकडे सगळ्यांच्या घरांच्या चाव्या आणि कुंड्या यायच्या. त्या वर्षी ती पाळी आमची होती. तिसऱ्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या रुकय्याभाभी आपला कढीपत्ता आणून ठेवताना मला म्हणाल्या होत्या, "हा मेला तर चालेल, पण मी येईपर्यंत सांगू नकोस." असं आठ-दहा कुंड्यांचं लटांबर आमच्या गॅलरीत जमलं. त्यातली एक कुंडी मुरादची होती.

मुराद आमच्या खालच्या मजल्यावर एकटेच राहायचे. ते अल्जेरियाचे. विहिरींचं पाणी तपासणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. बहारीनच्या जमिनीखालचं गोडं पाणी कसं खारं होत चाललंय हे मोजणं हाच त्यांचा धंदा. त्यांचं अरबी इथल्या लोकांना नीट कळत नसे, इंग्रजी त्यांना बेताचं येई, आणि फ्रेंच त्या जिन्यावर कुणालाच येत नव्हतं. म्हणून ते फार बोलत नसत. एकदा त्यांना ताप भरला तेव्हा मी चार दिवस जाऊन इंजेक्शन दिलं. चौथ्या दिवशी उठून बसले आणि म्हणाले, सिस्टर, तुम्हाला एक गोष्ट दाखवतो.

खिडकीत मातीची कुंडी होती. तिच्यात माती कमी आणि खडी जास्त. मधोमध वीतभर उंचीचं एक निळसर हिरवं रोप, टोकदार बारीक पानांचं. मला ते वसईच्या किनाऱ्यावर असतात त्या सुरूच्या पोरासारखं वाटलं. आमच्याकडे नाताळात सुरूचीच फांदी तोडून घरात उभी करतात आणि तिला चांदण्या लावतात. मी तसं म्हटल्यावर मुराद घाईघाईने म्हणाले की नाही, हे तोडायचं झाड नाही. याचं नाव तारूत.

मग त्यांनी जे सांगितलं ते मी अनेकदा ऐकलं, कारण एकदा तोंड उघडल्यावर त्यांना दुसरा विषय राहिला नाही. त्यांचं गाव सहाराच्या पोटात, एका दगडी पठाराच्या पायथ्याशी. पठारावर चढायला गाढवं घेऊन निघावं लागतं. वर नुसता काळपट दगड, वाऱ्याने कोरलेला. त्या दगडांमधून कोरड्या ओढ्यांची पात्रं जातात, आणि त्या पात्रांत, गोट्यांमध्ये पाय रोवून तारूत उभं असतं. एक इथे, तर दुसरं पार त्या वळणापलीकडे. एकाच्या सावलीत बसलं तर दुसरं दिसत नाही. खोड एवढं जाड की चार माणसांनी हात धरले तरी वेढा पुरा होत नाही. पाऊस कधी वर्षाआड, कधी कितीतरी वर्षं नाहीच. हिवाळ्यात पहाटे पाणी गोठतं. एके काळी तो सगळा मुलूख ओला होता, तिथे गुरं चरायची, खडकांवर त्या गुरांची चित्रं अजून आहेत. गुरं गेली, माणसं गेली, पाणी खाली खाली गेलं, आणि ही झाडं जुन्या मुळांनी ते पाणी धरून मागे राहिली. जगात दुसरीकडे कुठेही हे झाड आपसूक उगवत नाही.

आणि तिथेही आता उगवत नाही, हे त्यांनी सर्वांत शेवटी सांगितलं. बिया येतात, पण बहुतेक पोकळ. एखादी रुजलीच तर शेळी खाते. शेळीच्या तावडीतून वाचली तर तिच्या मुळाला पाणी गाठता येत नाही, इतकं ते खोल गेलंय. जी आहेत ती सगळी म्हातारी. लोकांनी तुळयांसाठी तोडली, सरपणाला तोडली. "आमच्या घराचं दारसुद्धा तारूतचंच आहे," असं म्हणून मुराद खाली बघत राहिले. दार त्यांच्या पणज्याने बसवलेलं होतं, तरी त्यांना त्याची लाज वाटत होती.

त्यांचे वडील जन्मभर त्या पठारावर वाटाड्याचं काम करत आले. एकेक झाड ओळखीचं. पण कोवळं तारूत त्यांनी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. आता त्यांचे डोळे जात चालले होते. मागच्या सुट्टीत मुराद निघाले तेव्हा म्हाताऱ्याने त्यांच्या हातात मूठभर फळं ठेवली, बोराएवढी, लाकडासारखी कडक. वर पिशवीभर खडीही दिली, ओढ्यातली. तू शिकलेला आहेस, म्हणाले, एक उगवून दाखव. मुरादनी सगळ्या बिया पेरल्या. एकच उगवली. या हिवाळ्यात ती घेऊन जायची, ओढ्यात लावायची, भोवती दगडांचं कुंपण घालायचं, आणि म्हाताऱ्याचा हात धरून तिच्यावर ठेवायचा, असा सगळा बेत होता.

"डोळे गेले असले तर?" मी विचारलं.

"हाताने बघेन म्हणतात," मुराद म्हणाले. "पण बघेन."

मला त्या वेळी वाटलं, किती साधी गोष्ट आहे. एक कुंडी आणि एक विमान. आम्ही हॉस्पिटलातले लोक, आम्हाला वाटतं की औषध, वेळ आणि माणूस ही तीन जागेवर असली की बाकी सगळं होतं.

पप्पा, म्हणजे माझे सासरे, त्याच उन्हाळ्यात व्हिजिट व्हिसावर आले. सासूबाई जाऊन वर्ष होत आलं होतं. माणूस घरात बसून कुजेल, म्हणून अंतोनने त्यांना बोलावून घेतलं. पप्पा जन्माचे वाडीवाले. केळी, पानवेल, सोनचाफा, भाजी. वसईच्या त्या मातीत त्यांनी काठी रोवली असती तरी तिला पालवी फुटली असती, असं लोक म्हणायचे, आणि ते खोटं नव्हतं. असा माणूस दुसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत येऊन पडला. खाली उतरावं तर ऊन भाजून काढतं. अंतोन त्यांना एकदा तुबलीला गॅरेजवाल्या मित्राकडे घेऊन गेला, तर तिथला खाडीचा काठ बघून परत आल्यावर म्हणाले, "हिथली माती रडते." ओल्या वाळूवर मिठाचा पांढरा थर बसला होता, तो त्यांनी बघितला होता.

गॅलरीतल्या कुंड्या बघून मात्र ते हरखले. सकाळी उठून एसीची बादली वाटायची, पानं पुसायची, वाळकं खुडायचं. रुकय्याभाभींचा कढीपत्ता त्यांच्या हाताखाली असा माजला की अंतोन म्हणाला, आता भाभींना कुंडी दिली तर त्या ओळखणार नाहीत.

रोप न्यायचं ते हिवाळ्यातच, म्हणून मुराद उन्हाळ्यात वडिलांना भेटायला निघाले त्या दिवशी कुंडी घेऊन वर आले. मी इंग्रजीत ऐकायचं आणि पप्पांना मराठीत सांगायचं, असं चाललं. आठवड्यातून एकदाच पाणी, तेही कडेने, पेलाभर. नळाचं तर मुळीच नाही. माती सुकली तरी सुकू दे. तहान लागली तरच मूळ खाली जातं. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं आणि मला म्हणाले, "सांग तेला, मी पानी देनार न्हाय." मुरादनी त्यांचे दोन्ही हात हातात घेतले. मग खिशातून टेप काढून रोपाची उंची मोजली आणि गेले.

परवा नात शाळेच्या प्रोजेक्टसाठी लॅपटॉपवर झाडं शोधत होती. नष्ट होत चाललेली झाडं, असा विषय. मी तिला तारूत म्हणून सांगितलं. वाळवंटात राहणारं सूचिपर्णी झाड म्हटल्यावर तिला खरं वाटेना. मग तिने शोधलं, आणि पडद्यावर ते आलं. राखाडी दगडांत एकटं, पिळवटलेलं, आणि माथ्यावर हिरवं. मी ते पहिल्यांदाच पाहत होते. मुरादकडे फोटो नव्हता. "आजी, इट्स क्रिटिकली एन्डेंजर्ड," ती म्हणाली. "ओन्ली ऑन वन प्लॅटो." मी म्हटलं, माहीत आहे. "हाउ डू यू नो?" मी म्हटलं, आपल्या घरी होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि ती हसली, म्हाताऱ्या माणसांना हसतात तशी.

क्रिटिकल हा शब्द माझ्या रोजच्या वापरातला. वॉर्डात क्रिटिकल लिस्टवर नाव गेलं की त्या पेशंटचा बेड दाराजवळ आणायचा आणि नातेवाइकांना कळवायचं, एवढं आमचं काम असे. पुष्कळदा त्याच्यापुढे काही नसायचं. मग आम्ही चादर सरळ करायचो, उशी हलवायचो, सलाइनची बाटली उगाच बघून यायचो. कुणी विचारलं की "वॉच करतोय" म्हणायचो. त्या पठारावरच्या झाडांना आज कुणी तरी तसं वॉच करत असेल, अशी मी आपली समजूत घालते. पण वॉच करणं म्हणजे काय असतं, ते मला चांगलं ठाऊक आहे.

त्या ऑगस्टला दमटपणाने कळस केला. बाहेर वाळत घातलेला युनिफॉर्म संध्याकाळी जास्त ओला व्हायचा. माझी ड्युटी उलटसुलट, घरी आले की मी झोपेने मेलेली असायचे. कुंड्यांकडे पप्पा आहेत म्हणून निश्चिंत. एके दिवशी दुपारी घरी आले तर तारूतचं टोक मला किंचित वाकल्यासारखं वाटलं. रंगही जरा विटल्यासारखा. पप्पांना विचारलं, पाणी दिलंत का? त्यांनी गळ्यातल्या क्रुसाला हात लावून सांगितलं, आठवड्याचा पेला सोडून थेंब नाही. पप्पा खोटं बोलत नसत.

दोन दिवसांनी मी ओट्यावर मासे साफ करत होते. शेरी नावाची इथली मासळी आणली होती. मीठ चोळून, दोन पाण्यांत धुऊन ते पाणी बाजूला ठेवलं, आमच्याकडे सगळेच ठेवतात तसं. मासळीचं पाणी वसईत कुणी मोरीत ओतत नाही. ते गुलाबाला, कढीपत्त्याला, चाफ्याला. पप्पा आले, टोप उचलला आणि गॅलरीत गेले. मी सहज मागे वळून बघितलं. त्यांनी अर्धं कढीपत्त्याला घातलं आणि उरलेलं, अगदी हळू, एक हात आडवा धरून, तारूतच्या बुंध्याशी.

"पप्पा."

"पानी न्हाय बाय," ते म्हणाले. "खत. दर खेपेला थोडं देतो. सगली झाडं जेवतात, हेच बिचारं उपाशी हाय. मालकान पानी नको सांगलं, खत नको सांगलं न्हाय."

त्यांचा काय दोष? वाडीत त्यांचे वडील तेच करायचे, आजोबा तेच करायचे. सुकी मासळी कुटून केळीच्या बुडात पुरायची, मासे धुतलेलं पाणी फुलझाडांना, आणि जूनमध्ये वरून पाऊस असा कोसळतो की जे जास्त झालं असेल ते सगळं ओढ्यात वाहून जातं. जन्मभर ज्याने पावसाच्या भरवशावर हात सैल सोडला, त्याला कुणी सांगायचं की इथे काहीच धुतलं जात नाही, दिलेलं सगळं कुंडीतच राहतं? कढीपत्त्याला ते रोज बादलीने पाणी घालायचे, म्हणून त्याच्या कुंडीतून मीठ निघून जात होतं. तारूतला पाणी द्यायचं नव्हतं. पप्पांनी आपला शब्द पाळला होता.

माझ्या तोंडाकडे बघून त्यांनाच काहीतरी कळलं असावं. ते खाली बसले, बोटाने कुंडीतली चिमूटभर माती काढली आणि जिभेवर ठेवली. वाडीत ते असंच करायचे, विहिरीला भरतीचं पाणी लागलंय का ते मातीच्या चवीवरून सांगायचे.

"खारी झाली," म्हणाले. "माझ्या हातान."

मग आम्ही जे जे सुचलं ते केलं. विकतच्या गोड्या पाण्याचे कॅन ओतून माती धुतली. नको इतकं पाणी झालं म्हणून कुंडी कलती करून निथळत ठेवली. दमट हवा नको म्हणून आत एसीसमोर आणली, तर गारठ्याने पानं गळतील म्हणून पुन्हा बाहेर. मुळं बघावीत असं अंतोनला वाटत होतं, मी हात लावू दिला नाही. मग मीच एकदा थोडी खडी बाजूला करून बघितलं आणि लगेच झाकलं. अंतोनने हॉटेलच्या बागेतल्या मल्याळी माळ्याला घरी आणलं. त्याने पान चुरगाळून नाकाशी नेलं आणि म्हणाला, "सिस्टर, खलास." पप्पांना ते एवढं अरबी येत होतं.

सूचिपर्णी झाडाची खोड अशी की ते मेलं तरी हिरवं दिसत राहतं. आत सगळं संपलेलं असतं आणि बाहेर रंग टिकून असतो. त्यामुळे रोज सकाळी वाटायचं, नाही, जगेल. मी ड्युटीवरून आले की आधी गॅलरीत जायचे. ज्या बाईने इतकी माणसं जाताना बघितली तिला एका रोपाची नाडी सापडत नव्हती. मला रडूही येत नव्हतं, नुसता राग यायचा, आणि तो कुणावर काढावा ते कळायचं नाही. पप्पांवर काढता येत नव्हता. त्यांनी दुसऱ्या कुंड्यांना हात लावणं बंद केलं होतं. ताटातला मासा बाजूला सारायचे. बादली भरून वाहायला लागली तरी जागचे उठायचे नाहीत, मग मीच ती उपसायचे. सप्टेंबर लागता लागता पानं वाळक्या गवताच्या रंगाची झाली, आणि मग बोट लावलं की गळायला लागली.

मुराद परत आले ते बॅग जिन्यात ठेवून सरळ आमच्याकडे. हातात खजुराचं खोकं होतं. मी दार उघडलं आणि काय बोलायचं ते सगळं पाठ केलेलं विसरले. ते गॅलरीत गेले. त्यांनी बुंध्याची साल नखाने खरवडून पाहिली, खाली कुठे हिरवं आहे का ते. थोडं वर खरवडली, आणखी थोडं वर. मग कुंडीतली खडी हाताने सारखी केली. मी इंग्रजीत सगळं सांगत होते, मीठ, मासळीचं पाणी, पप्पांचा समज. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. कोपऱ्यात पप्पा उभे होते, हात बांधून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे. मुराद त्यांच्यापाशी गेले, खजुराचं खोकं त्यांच्या हातात दिलं आणि खाली निघून गेले.

दोन दिवसांनी ते पुन्हा वर आले तेव्हा त्यांचा चेहरा वेगळा होता. म्हणाले, एक अडचण आहे. सुट्टीत असताना वडिलांनी रोज एकच विचारलं होतं, झाड आता केवढं असेल. मुराद हात जमिनीपासून उंच धरून त्यांना दाखवायचे, आणि म्हातारा आपल्या हाताने तो हात चाचपून बघायचा. दृष्टी जवळजवळ गेली होती. आपल्या गैरहजेरीत झाड हिंदुस्थानातल्या एका जुन्या माळ्याकडे आहे, असं मुरादनी सांगून ठेवलं होतं. त्या माळ्याशी मला बोलायचंय, असा म्हाताऱ्याने हट्ट धरला होता. त्याला दुवा द्यायची आहे. गावच्या पोस्टात फोन होता, दिवस ठरला होता, म्हातारा तिथे येऊन बसणार होता.

"तुम्ही त्यांना सांगितलं नाहीत?" मी विचारलं.

"फोनवर नाही सांगता येत," मुराद म्हणाले. "तुमचे पप्पा काहीही बोलू देत. त्यांना समजणार नाही. फक्त आवाज ऐकू दे."

मला ते मुळीच पसंत नव्हतं. मी पप्पांना म्हटलं, तुम्ही येऊ नका, बरं वाटत नाही म्हणून सांगते. पप्पा म्हणाले, "येतो." त्यांनी चर्चच्या फेस्ताला घालायचा पांढरा शर्ट काढला, कॉलरचं बटन लावलं आणि जायच्या कितीतरी आधीपासून खुर्चीवर बसून राहिले. नंतर मुरादनी वडिलांना खरं कधी सांगितलं की नाही, हे मला कळलं नाही. त्याच हिवाळ्यात कॉन्ट्रॅक्ट संपवून ते गेले. मला माहीत आहे तो एवढा एकच फोन.

मनामाच्या टेलिफोन ऑफिसातल्या केबिनमध्ये आम्ही तिघं दाटीवाटीने उभे होतो. लाइन लागायला खूप वेळ गेला. मुराद त्यांच्या भाषेत बोलले, हसले, आणि त्यांनी रिसीव्हर पप्पांच्या हातात दिला. पप्पांनी तो दोन्ही हातांनी धरला. पलीकडून म्हातारा मोठ्याने, संथ लयीत काहीतरी म्हणत होता, प्रार्थना असावी. मला शेजारी उभं राहून ऐकू येत होतं. पप्पा मान खाली घालून, चर्चमध्ये मिसा ऐकावी तसे ऐकत होते. पलीकडे शांतता झाली. मग ते बोलले.

"बाबा, तुजं झाड मेलं. मीच मारलं. पानी नको सांगलं होतं, मी पानी न्हाय दिलं, खत दिलं. माला वाटलं उपाशी हाय. मी पन तुज्यासारखा झाडवाला, माला कलायला पायजे होतं. माजं चुकलं."

पलीकडून आनंदाने हसण्याचा आवाज आला. खरोखरचं, मोकळं हसणं. "बारकल्लाह, बारकल्लाह," म्हातारा पुन्हा पुन्हा दुवा देत होता. मुरादनी रिसीव्हर घेतला, थोडा वेळ ऐकलं, एक-दोन शब्द बोलले आणि फोन ठेवला. मला ते हळूच इंग्रजीत म्हणाले, "ते म्हणतात, हा माणूस झाडाशी बोलतो तसाच बोलतो. याच्या हातचं झाड मरणार नाही. त्यांनी ओढ्यात जागा बघून ठेवलीय. दगड बाजूला केलेत." एवढं बोलून ते केबिनबाहेर गेले.

पप्पांनी शर्टाच्या बाहीने तोंड पुसलं. मग माझ्याकडे बघितलं.

"कललं का तेला?"

"हो पप्पा," मी म्हटलं. "कळलं त्यांना. म्हणाले, होतं असं. मनाला लावून घेऊ नका."

"मोठ्या मनाचा मानूस हाय," पप्पा म्हणाले. थोडं पुढे चालून गेल्यावर ते थांबले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्यांनी मला विचारलं, घरी जेवायला काय केलंय.